सतरा नंबरचं काळीज

त्या सकाळी मुखरूनं सांबाराची जुडी सोडली आणि शीळ आली नाही.

तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. जुडीची सुतळी सुटायची, कोथिंबिरीची ओली पानं एकमेकांवर घासून खसखसायची आणि मागच्या पडवीतल्या लाकडी खोक्यातून ती बारीक, लांब, वर वर चढत जाणारी शीळ निघायची. बायको गोकुळा चुलीपुढून म्हणायची, "उठली तुमची सायबीण." मग तो मूठभर सांबार बाजूला काढायचा आणि उरलेला वरणासाठी गोकुळापुढे ठेवायचा. आज जुडी सुटली, पानं खसखसली आणि पुढे काहीच झालं नाही. मुखरूला वाटलं, आपल्यालाच ऐकू आलं नसेल. त्यानं जुडी पुन्हा हलवली. मग तो खोक्यापाशी उकिडवा बसला. ती कोपऱ्यात केस फुलवून बसली होती. पांढरी, पाठीवर तपकिरी डाग. उंदीर म्हणावं तर शेपूट नाही, ससा म्हणावं तर कान नाहीत. डोळे उघडे होते, पण नजर कशावर नव्हती. त्यानं तिला दोन्ही ओंजळींत उचललं. वजन कमी लागलं. काय मनात आलं कोणास ठाऊक, त्यानं तिला कानाशी धरलं. आत धानाच्या ओल्या तणसावर कोणी हलके पाय देत चालावं तसा आवाज होत होता आणि त्या आवाजाच्या मागे काळीज पळत होतं, मोजताच येऊ नये इतकं वेगात.

काळीज ही वस्तू मुखरूला काही नवी नव्हती. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, तो सव्वीस वर्षं अटेंडंट होता. ढिवराचं पोर. तरुणपणी बापासोबत तलावावर जाळं टाकायचा, तेव्हा कॉलेजातल्या एका सरांनी बेडकं मागवली होती. त्यानं पोतंभर नेली. पोत्याला आतून थडथड धडका बसत होत्या आणि सर खूश होऊन म्हणाले होते, तू इथंच राहा. तो राहिला. मेणाच्या ताटात बेडूक उताणा टाचायचा, पोरांपुढे ठेवायचा. काळीज काढून मिठाच्या पाण्यात सोडलं की ते बशीत एकटंच उडत राहायचं; मुली तोंडावर रुमाल धरायच्या, मुलं वाकून बघायची. पाण्यात मीठ किती घालायचं हे मुखरूला सरांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. बेडकाची, उंदरांची, सशांची, किती काळजं त्यानं हातानं धरली याचा हिशेब नव्हता. पण ती सगळी उघडी, बाहेर काढलेली. छातीच्या आत असलेलं, अजून कोणाच्या तरी मालकीचं असलेलं काळीज त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं होतं. आणि ते दुखत होतं.

"काऊन जी, काय झालं?" गोकुळा दारात येऊन उभी राहिली.

"छातीत पाणी झालं वाटते हिच्या."

"उंदराच्या?"

"उंदीर नाई ते."

"मग सायबीण म्हणा," ती म्हणाली; पण हसली नाही. जवळ येऊन तिनं एक बोट त्या केसाळ पाठीवर ठेवलं आणि लगेच काढून घेतलं, जणू भाजलं.

जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा ज्योत्स्नाबाई नव्या आल्या होत्या. अंगानं बारीक, आवाजानं खणखणीत. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालताना लोकांनी पाहिल्यामुळे गावात त्यांना मान होता. अंगणात बैल अडकवायचा लोखंडी खोडा, त्याच्याभोवती शेणामुताचा वास आणि रांगेत आठ-दहा माणसं. मुखरू मासोळीची टोपली मांडीवर घेऊन बसला. आत फडक्यावर ती. शेजारी बकरी घेऊन आलेल्या माणसानं टोपलीत डोकावून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे बापा, याच्यासाठी सुट्टी टाकून आले का भाऊ? जाऊ द्या मरून, दुसरा आणा."

लोक हसले. मुखरू एरवी गप्प बसणारा माणूस. कॉलेजात तर गप्प बसण्याचीच त्याला सवय झाली होती. सर बोलले की मान खाली, हो जी, आणतो जी. पण त्या दिवशी कानात तो तणसाचा आवाज भरून राहिला होता.

"तुमची बकरी बिमार हाय, त दुसरी काऊन नाई आणत?"

"बकरी दूध देते ना, भाऊ."

"हे शीळ देते," मुखरू म्हणाला.

हसणं थांबलं, की त्यालाच ऐकू येईनासं झालं, कोणास ठाऊक. आत ज्योत्स्नाबाईंनी नळी कानाला लावली. तिची चकती त्या जीवाच्या अख्ख्या बरगडीवर बसली. बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "खरं सांगू का मुखरूभाऊ? हा प्राणी मी शिकताना पिंजऱ्यात पाहिला. याच्यावर प्रयोग कसे करायचे ते शिकवलं आम्हाला, इलाज नाही शिकवला. थोडं थांबा." त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढलं, बाहेरची रांग ताटकळत ठेवून दहा मिनिटं चाळलं. मग म्हणाल्या, "हृदय थकलंय. वाढलंही असेल. फुप्फुसात पाणी साचतंय. पाणी उतरवायची माणसांची गोळी असते, ती देऊन बघू. पण हिला लागणार कणभर. तेवढं मोजून देता येईल तुम्हाला?"

मुखरूला त्या प्रश्नाचं हसू आलं. आयुष्यभर त्यानं दुसरं केलं काय होतं? गोळी खलात बारीक करायची, वीस मिली पाण्यात कालवायची, दर वेळी बाटली नीट हलवायची आणि बिनसुईच्या सिरिंजनं एक मिली, दातांच्या बाजूनं, थेंब थेंब. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. बाईंनी सांगितलं ते त्यानं एकदाच ऐकलं.

"किती दिवस, बाई?"

"होळी पाहील असं वाटत नाही."

"दाखवतो तिले होळी," मुखरू म्हणाला. आपल्या तोंडून हे कसं निघालं, याचं नवल करत तो घरी आला.

बाईंच्याच सांगण्यावरून छातीचा फोटो काढायला नागपूरला जायचं ठरलं. त्यासाठी रजा हवी होती. विभागप्रमुख हेमराज सर वाईट माणूस नव्हते. डब्यातली अर्धी पोळी ते मुखरूला द्यायचे, त्याच्या पोरीच्या लग्नात दोन दिवस राबले होते. अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला. "गिनीपिगला घेऊन नागपूरला? मुखरू, अरे तुला येतं ना सगळं. उगाच हाल का करतोस तिचे?" आणि मायेनंच उठून त्यांनी कपाट उघडलं, क्लोरोफॉर्मची लहानशी तपकिरी बाटली काढून त्याच्या हातात ठेवली. "घरी ने. शांत होईल बिचारी." मुखरूनं मान खाली घातली, हो जी म्हणाला, बाटली खिशात टाकली. अर्जावर सरांची सहीही झाली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस्टीनं तो नागपूरला गेला. कंडक्टरनं विचारलं, कोंबडी हाय का? तो म्हणाला, पेशंट हाय. मोठ्या दवाखान्यात काळ्या फिल्मवर त्यानं तिची छाती पाहिली. बरगड्यांच्या नाजूक कमानींत एक पांढुरकं, गोल, फुगलेलं सावट. छातीत दुसऱ्या कशाला जागाच ठेवली नव्हती त्यानं. एवढ्याशा जीवाला एवढं मोठं काळीज. परतीच्या एस्टीत तो ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बघत होता आणि खिशातली बाटली मांडीला टोचत होती.

ती टोचणी आजची नव्हती. तीन वर्षांपूर्वी असाच जानेवारी होता. जनावरं ठेवण्याचे नवे नियम आले होते, पिंजरे त्या मापाचे नव्हते, सोमवारी तपासणी समिती येणार होती. हेमराज सर शनिवारी म्हणाले, मुखरू, खोली रिकामी कर. एवढंच. खोलीत सतरा गिनीपिग होते, प्रत्येकाच्या पिंजऱ्यावर खडूनं नंबर. दुपारी कॉलेज सुटलं, मुखरूनं दार लावून घेतलं, मोठ्या काचेच्या बरणीत कापूस घातला. एक नंबरपासून सुरुवात केली. ते सगळे त्याला ओळखत होते. तो आला म्हणजे गवत आलं, म्हणून सगळी खोली शिळा घालत होती. जसजशी दुपार उतरत गेली तसतशा शिळा कमी होत गेल्या. पाच उरल्या, तीन उरल्या, आणि शेवटी एकच शीळ, त्या खोलीत फार मोठी वाटणारी. त्यानं बाटली कापसावर उपडी केली. बाटली संपली होती. स्टोअरचं दार बंद, चावी घेऊन क्लार्क गावी गेलेला. खोली तर रिकामी करायचीच होती. त्यानं सतरा नंबर डब्याच्या पिशवीत घातला आणि घरी आणला. गोकुळाला म्हणाला, सोमवारी नेतो.

एवढंच घडलं होतं. पण पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांना, पाहुण्यांना, सगळ्यांना खुद्द त्याची पोरगी आचल कौतुकानं सांगायची, "बाबांले दया आली अन् त्यायनं एक वाचवली." मुखरू ऐकून घ्यायचा. दया कसली? बाटली सरली होती. अर्धा चमचा आणखी असती, तर आज खोकं नसतं, शीळ नसती, कोणी त्याला दयाळूही म्हटलं नसतं. अपघातानं जगलेला जीव आणि अपघातानं मिळालेलं नाव. आता या वेळी मात्र अपघात नव्हता. बाटली भरलेली होती, ती खिशात होती, आणि ठरवायचं त्यालाच होतं. एस्टी उमरेड ओलांडून धानाच्या कापलेल्या बांध्यांतून चालली होती. मुखरू टोपलीवर हात ठेवून स्वतःशी म्हणाला, नाही. ते नाही म्हणताना त्याला फार बरं वाटलं. किती वर्षांनी तो शब्द जिभेवर आला होता.

होळी तिनं पाहिली. होळीच्या आधीच एका सकाळी, जुडी सुटताच, तुटक, दमलेली, अर्ध्यावर थांबणारी शीळ आली आणि मुखरूनं चुलीपुढं बसलेल्या गोकुळाकडे अशा ऐटीत पाहिलं, जणू शीळ त्यानंच घातली होती. पण होळीनंतर ऊन आलं. ब्रह्मपुरीचं ऊन म्हणजे माणसं पडतात असं ऊन. दुपारी लाइट जायची. ज्योत्स्नाबाई येता-जाता विचारायच्या, आहे का? आणि तो म्हणायचा, हाय ना जी. गोकुळा तोंडानं कुरकुरत राहिली, पण एका दुपारी तिनं तडा गेलेला रांजण न्हाणीजवळच्या सावलीत आडवा केला, अर्धा ओल्या रेतीत पुरला, वर भिजलेलं पोतं टाकलं आणि म्हणाली, "ठेवा आत. खोक्यात शिजून मरन ते." रांजणाच्या पोटात हात घातला तर तळ्याच्या गाळात हात गेल्यासारखं गार लागायचं. दर तासाला पोत्यावर तांब्याभर पाणी. तो कॉलेजात गेला की हे कोण करतं, ते त्यानं कधी विचारलं नाही.

मे महिन्यातली एक दुपार मात्र वाईट निघाली. ती आडवी पडली होती, तोंड उघडं, बरगड्यांचा भाता चाललेला. कान लावायचीही गरज नव्हती. तणसाचा आवाज दोन हातांवरून येत होता. मुखरूनं नेमाची मात्रा दिली, बाईंनी सांगून ठेवलेली वाढीव मात्राही दिली, तिला हातात उभी धरली. काही उपयोग दिसेना. गोकुळा बाजूला बसून पदरानं वारा घालत होती.

"सोडवा तिले," ती हळूच म्हणाली. "तुमाले येते. कायले तडफडू देऊन राह्यले?"

तो उठला. फळीवरची बाटली काढून आणली. बूच काढलं नाही तरी गोड, जड वास त्याच्या डोक्यात भरला आणि त्या वासासोबत ती खोली आली, खडूचे नंबर आले. कोणासाठी जगवून राह्यलो मी हिले? तिच्यासाठी, की माझ्या नावासाठी? सोळा मारल्याचं पाप एकीला ओढत ओढत फेडायचं, ही कोणती रीत? आणि तीन वर्षं न बोललेलं ते वाक्य बाहेर पडलं.

"मी वाचवली नाई हिले, गोकुळा. दया-बिया काई नाई. त्या दिवशी बाटली सरली होती."

गोकुळाचा पदर थांबला नाही. "मले माहीत हाय."

"कसं?"

"घरी आले तवा अंगाले वास मारत होता तुमच्या. चार घागरी पाणी घेतलं आंघोळीले, तरी गेला नाई. तवाच समजलं का बाकीच्यायचं काय झालं, अन् हे काऊन उरलं." तिनं पदर दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "अन् सोमवारी?"

"काय सोमवारी?"

"सोमवारी नेतो म्हणत होते ना? सोमवारी त कॉलेजात नवी बाटली आली असन. मग काऊन नाई नेलं?"

सोमवार मुखरूच्या आठवणीत नव्हताच. शनिवार त्यानं एवढ्या वेळा उगाळला होता की सोमवार कधी झाला हेच तो विसरून गेला होता. आता तो सोमवार त्याच्यापुढे आला: सकाळी डब्याची पिशवी खुंटीवरून काढली होती, खोक्यापाशी गेला होता, आतून शीळ आली होती, त्यानं पिशवीत फक्त डबा घातला होता आणि सायकलवर टांग टाकली होती. कोणी सांगितलं नव्हतं. कोणाला विचारलं नव्हतं. मंगळवारीही नाही, बुधवारीही नाही.

त्याला ज्योत्स्नाबाईंचं बोलणं आठवलं. त्या म्हणाल्या होत्या, खाते तोवर जगायचं आहे तिला. खाणं सोडलं की मला बोलवा. मी करीन जे करायचं ते, तुम्ही नाही करायचं. त्यानं बाटली खाली ठेवली. ओल्या फडक्यातून सांबाराचं एक पान काढलं आणि तिच्या ओठांशी धरलं. बराच वेळ काही नाही. गोकुळाचा वारा, बाहेर उन्हाची भणभण. मग नाक हललं. वरचा ओठ हलला. पान किंचित ओढलं गेलं, देठापर्यंत आत गेलं, आणि धापा टाकता टाकता ती चावू लागली.

"भुकी हाय," गोकुळा म्हणाली आणि दुसरं पान काढायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखरूनं ती तपकिरी बाटली सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "परत आणली सर. नाई लागत." सरांनी बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि ती कपाटात ठेवली.

ती पोळ्यापर्यंत जगली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गल्लीतली लेकरं लाकडी नंदीबैल ओढत दारोदार बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, मागत फिरत होती. मुखरू ओट्यावर बसला होता, मांडीवर फडकं, फडक्यावर ती. सकाळी तिनं दोन पानं खाल्ली होती. ऊन चांगलं कोवळं होतं. एका क्षणी तिनं अंग ताणलं, जसं ती बरी असताना पोटभर खाऊन ताणायची, आणि मान त्याच्या तळहातावर टाकली. त्यानं तिला कानाशी नेलं. आत पाय वाजत होते, फार लांबून, मग आणखी लांबून. मग कोणी चालत नव्हतं. तो कितीतरी वेळ तसाच कान लावून बसला. सव्वीस वर्षांत त्यानं काळजं बंद पडताना पाहिली होती, घड्याळ लावून पाहिली होती. बंद पडल्यानंतर असा बसून मात्र कधी राहिला नव्हता. गोकुळा बाहेर आली, तिनं पाहिलं, आत जाऊन जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून आणला. दोघंच गेली, कुदळ घेऊन. कोणाला बोलावलं नाही.

हेमराज सर दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवरून आले. ज्योत्स्नाबाईंकडून त्यांना कळलं होतं. ओट्यावर बसले, पाणी प्याले, वाईट वाटलं म्हणाले, आणि ते खरंच होतं. मग त्यांनी मांडीवरची पिशवी बाजूला घेतली. आत काचेची बरणी होती, झाकण घट्ट लावलेलं, डोळ्यांना झोंबणारा फॉर्मॅलिनचा तो ओळखीचा वास.

"मुखरू, ती फिल्म ज्योत्स्नाबाईंकडे पाहिली होती मी. एवढं वाढलेलं हृदय आपल्या कॉलेजात कोणी पाहिलेलं नाही. थंडावा आहे, अजून फार खराब झालं नसेल. कुठे पुरलंस?"

मुखरू उभाच होता.

"नाई सांगत, सर."

सरांना ते ऐकूच आलं नसावं. "अरे, मातीत जाऊन काय होणार त्याचं? बरणीत राहिलं तर पुढची वीस वर्षं पोरं शिकतील. तिचं नाव लावू हवं तर. तुझंही लावू." ते समजुतीच्या स्वरात बोलत होते आणि बोलण्यात खोट नव्हती. मुखरूला तेही कळत होतं. बरणीतलं काळीज कसं दिसेल, कोणत्या फळीवर उजेड चांगला पडेल, पाणी किती महिन्यांनी बदलावं लागेल, सगळं त्याला कळत होतं.

"ते तिचं हाय, सर. तिच्याजवळच राहीन."

"मुखरू!" सरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "प्रयोगशाळेत सारी जिंदगी काढली तू."

"काढली ना जी," मुखरू म्हणाला. "म्हणून त सांगत नाई."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. गोकुळा दाराआड उभी आहे हे त्याला न बघता समजलं. सरांनी बरणीचं झाकण उगाच एकदा फिरवून पाहिलं, मग पिशवी उचलून ते ओट्यावरून उतरले. स्कूटर दोन-तीन किकांत सुरू झाली. उद्या कॉलेजात काय होईल ते मुखरूला माहीत नव्हतं. तरी तो आत गेला नाही. स्कूटर पानठेल्याच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा राहिला, सरांच्या पाठीकडे सरळ बघत, मान वर ठेवून.